शब्दचर्चा : पेशीतल्या ‘बॉडी’ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीहून :
मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. संधिवाताच्या रुग्णांसाठी एएनए, म्हणजे रक्तातली केंद्रकविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधणाऱ्या तपासणीवर दोन पानांचं मराठी माहितीपत्रक लिहून राहिले आहे, आणि एका शब्दाशी अडले.

तपासणीत रुग्णाचं सीरम (रक्तपेशी काढून उरलेला द्रव) हेप-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर घालतो, त्यावर चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बहुतेकदा हिरवी चमक केंद्रकात दिसते. क्वचित भोवतालच्या पेशीद्रव्यात मोजता येतील एवढे थोडे, ठळक ठिपके उजळतात. आंतरराष्ट्रीय संकेतात हा एसी-१८ नमुना. हे ठिपके जीडब्ल्यू बॉडी असू शकतात. त्यांनाच पी-बॉडी म्हणतात. मी लिहिलं, ‘पी-पिंडांविरुद्धची प्रतिपिंडं’. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे पिंडांना मारतात म्हणूनच ती प्रतिपिंडं ना?”

महालातून :
ताई, आईंचं काही चुकलं नाही. विष-प्रतिविष ही जोडी कानात बसलेली असते, त्यामुळे ‘प्रति’ लागला की आपण ‘त्याच्या विरुद्ध’ असंच ऐकतो. प्रतिपिंडातला पिंड मात्र शत्रू नाही. तो ‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला पिंड, शरीर या अर्थाचा, इंग्रजी ‘बॉडी’साठी उचललेला. प्रतिपिंड ज्याला जाऊन चिकटतं तो प्रतिजन (अँटीजन).

मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. पिंड शब्दावर आधीच फार भार आहे : श्राद्धाचा पिंड, महादेवाची पिंड, ‘त्याचा पिंडच शिक्षकाचा’. या सगळ्यांत घट्टपणा आहे, टिकाऊपणा आहे. पी-बॉडीला तर भोवती पटलसुद्धा (पातळ आवरण) नाही. आरएनए आणि प्रथिनं एकमेकांना धरून थेंबासारखी जमतात. पेशी विभागायच्या आधी हे जमलेलं मोडतं, नव्या पेशींत पुन्हा जमतं. म्हणून ‘गोळा’ म्हणा. गोळाभातातल्या गोळ्याला वरून कवच नसतं, तरी तो धरून राहतो.

धंतोलीहून :
सर, उपमा फार आवडली, पण शब्द घेता येणार नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘गोळा’ वाचला की माणसाला पोटातला गोळा आठवतो, ‘गाठ’ वाचली की कॅन्सर. माझ्यासमोर बसणारी बाई आधीच घाबरलेली असते.

हिंगणघाटहून :
आम्ही कापसातली माणसं, आम्हाला ‘पुंजका’ लगेच सुचतो. कापसाचा पुंजका, केसांचा पुंजका. सैलसर जमलेलं, बोटांनी विस्कटलं तर विस्कटणारं, पुन्हा गोळा होणारं. सरांनी सांगितलेले सगळे गुण त्यात आहेत. भीती नाही.

महालातून :
‘पुंज’ असता तर मी अडवलं असतं, पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्स) तो वेगळ्या कामाला लागला आहे. ‘पुंजका’ मोकळा आहे. घ्या. फक्त पेशीवर ताण आला की जमणारे ते स्ट्रेस ग्रॅन्युल वेगळे. त्यांत प्रथिन बनवण्याचं काम मध्येच थांबलेले आरएनए जमतात. त्यांना ‘ताणकण’ म्हणा, म्हणजे सरमिसळ होणार नाही. पी-पुंजक्याला कोणी ‘विघटनकेंद्र’ म्हणेल, तेही टाळा. २००३ साली यीस्टमध्ये दिसलं की संदेशवाहक आरएनएच्या टोकावरची संरक्षक टोपी काढून त्याचे तुकडे करणारी प्रथिनं तिथे जमतात, म्हणून ‘प्रोसेसिंग बॉडी’, म्हणजेच पी-बॉडी, हे नाव पडलं. पुढे कळलं की काही आरएनए तिथून सुखरूप बाहेर येऊन पुन्हा प्रथिन बनवायला लागतात. नुसतं भंगार नाही, साठाही आहे.

धंतोलीहून :
पुंजका पक्का. तो मला एवढा का हवा होता, तेही सांगते. हे पुंजके सापडले ते एका रुग्णाच्या सीरममुळे. त्या रुग्णाला हालचाल आणि संवेदना, दोन्हींच्या मज्जातंतूंचा आजार होता. त्या सीरमच्या साहाय्याने मार्विन फ्रिट्झलर आणि एडवर्ड चॅन यांच्या गटाने २००२ साली जीडब्ल्यू१८२ हे प्रथिन शोधलं. जी म्हणजे ग्लायसिन, डब्ल्यू म्हणजे ट्रिप्टोफॅन, ही दोन अमिनो आम्लं, १८२ हे किलोडाल्टनमधलं वजन. सूक्ष्म आरएनए (मायक्रो-आरएनए) जनुकांना गप्प बसवतात, त्या कामात हे प्रथिन लागतं. एका आजारी माणसाच्या रक्ताने शास्त्राला एवढं दिलं, तर तशाच आजारी माणसाला स्वतःचा रिपोर्ट आपल्या भाषेत वाचता यायला हवा.

ही प्रतिपिंडं शोग्रेन, ल्युपस, प्राथमिक पित्तनलिकादाह आणि मज्जातंतूंच्या काही आजारांत आढळली आहेत. पण ठिपके दिसले म्हणजे आजार ठरला असं नाही. एंडोसोम या पेशीतल्या बारीक पिशव्यांविरुद्धच्या प्रतिपिंडांनीही असेच ठिपके दिसतात. हे पत्रकात ठळक अक्षरांत जाईल.

आता ‘ऑटोइम्यून’चं काय? ‘स्वयंप्रतिकार’ वाचून लोक स्वसंरक्षण समजतात. त्याहून वाईट म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ समजून वाट्टेल ती शक्तीची औषधं घेतात.

हिंगणघाटहून :
एका शब्दात बसवायचा हट्ट कशाला ताई? ‘आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते’ असं लिहा. ‘उलटणे’ सगळ्यांना कळतं, पाळलेला बैलही मालकावर उलटतो.

महालातून :
मान्य. पहिल्यांदा पूर्ण वाक्य लिहा, पुढे ‘उलटलेली प्रतिकारशक्ती’ चालेल. आणि समास करू नका. ‘पुंजकाविरोधी’ नको, ‘पुंजक्यांविरुद्धची’ लिहा.

धंतोलीहून :
लिहिलं : ‘तुमच्या रक्तात पेशीतल्या काही पुंजक्यांविरुद्धची प्रतिपिंडं असू शकतात. कोणत्या पुंजक्यांविरुद्धची, ते पुढच्या तपासणीत कळेल.’ पण रिपोर्टच्या वर अजून ‘केंद्रकविरोधी’ छापलं आहे आणि खाली ठिपके केंद्रकाबाहेरचे. सर, ते कसं सोडवायचं?