मदत हवी आहे: बोगाशील नदीवर स्टीलहेड

सिएटलहून आम्ही मित्र जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावाजवळ बोगाशील नदीवर एक दिवस स्टीलहेडच्या (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट मासा) गळमासेमारीला जातोय. शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर कापलेला असेल तर मासा हॅचरीचा, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेला. पर शाबूत असेल तर तो जंगली. त्याला पाण्याबाहेर पूर्ण न उचलता सोडायचं. हे नियम आम्ही मनापासून पाळणार.

प्रश्न पाण्याचा आहे. तिकडे पाऊस कोसळतो, नदी गढूळ होते. ती निवळून हिरवट व्हायला साधारण किती वेळ लागतो?

आणि मुख्य काळजी: एका मित्राला पोहता येत नाही. वेडर्सवर (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) पट्टा आणि लाइफ जॅकेट घेणारच. गुळगुळीत गोट्यांवर खिळ्यांचे बूट खरंच पकड देतात का? की त्याला काठावरूनच गळ टाकू द्यावा? तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.