मदत हवी आहे: एकाच ब्रँडच्या दुसऱ्या दुकानात नोकरी घेऊ न देणारं कलम वॉशिंग्टन राज्यात चालतं का?

नमस्कार. सिएटलजवळ केंटमध्ये मी तीन वर्षं एका सँडविचच्या दुकानात काम करते. नाव मोठ्या ब्रँडचं, पण दुकान फ्रँचायझीवर घेतलेलं, मालक वेगळा. रेंटनमध्ये त्याच ब्रँडचं दुकान एका पंजाबी मालकांचं आहे. तिथे शिफ्ट लीडची जागा निघाली. तासाला अडीच डॉलर जास्त आणि रविवारी सुट्टी. बोलणं पक्कं झालं, आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "बहनजी, मेरे हाथ बंधे हैं."

मी जाऊन भेटले तर त्यांनी गल्ल्याखालून फाइल काढली. २०१६ चा करार, कलमाखाली पिवळी रेघ. त्याच ब्रँडच्या दुसऱ्या दुकानातलं माणूस जुन्या मालकाच्या लेखी परवानगीशिवाय सहा महिने घ्यायचं नाही. या कागदावर माझी सही नाही, तो मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि माझी पगारवाढ त्यानेच अडवली. फार लागलं मनाला.

२०२० पासून राज्यात याविरुद्ध कायदा आहे असं वाचलं. तो २०१६ च्या करारालाही लागतो का? माझ्या आत्ताच्या मालकाशी भांडण न होता हे कसं सोडवू?

प्रतिसाद:
ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. वॉशिंग्टनच्या कायद्याचं कलम ४९.६२.०६० सांगतं की फ्रँचायझी देणारी कंपनी आपल्या एका दुकानदाराला दुसऱ्या दुकानदाराची माणसं घेण्यापासून रोखू शकत नाही. १ जानेवारी २०२० किंवा त्यानंतर दाखल झालेल्या प्रत्येक दाव्याला तो लागतो, मूळ प्रकार केव्हाचाही असो. म्हणजे करार जुना आहे ही सबब चालायची नाही. मात्र दोन मालकांनी कंपनीला बाजूला ठेवून आपसात तसं ठरवलं असेल, तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा वेगळा विषय.

रेंटनच्या मालकांना एवढंच विचारा, की कंपनीकडून नंतर काही पत्र आलं होतं का. राज्याचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) बॉब फर्ग्युसन यांनी २०१८ मध्ये अशा कलमांचा प्रश्न हातात घेतला. आधी फ्रँचायझी देणाऱ्या सात कंपन्यांनी लिहून दिलं, २०२० पर्यंत आकडा २३७ वर गेला. ही कलमं देशभर लागू करणार नाही, अशी त्यांची हमी आहे. तुमचा ब्रँड त्यात असेल तर फाइलमधलं ते पान केव्हाच निकामी झालंय, आणि त्या मालकांना ते कुणी सांगितलेलं नाही. ते बिचारे कंपनीला घाबरतात, त्यांच्यावर रागावू नका. कंपनी अडून बसली तर अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात तक्रार करा, पैसे लागत नाहीत. आणि नव्या नोकरीचं लेखी हातात पडेपर्यंत इथला राजीनामा देऊ नका.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार. उद्या दुपारची गर्दी ओसरली की कलमाची छापील प्रत घेऊन रेंटनला जाते. पत्राचंही विचारते. जुन्या मालकांना दोन आठवडे आधी सांगितलं तर पुरे ना? त्यांनी मला अडचणीत काम दिलं होतं, त्यांना तोंडघशी पाडायचं नाही.