मदत हवी आहे: एमएस, व्हिटॅमिन डी आणि बायोटिनचा घोळ

बहिणीला (वय ३४, पुणे) ३ वर्षांपासून रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार; या प्रकारात त्रास उफाळतो आणि ओसरतो) आहे. डायमिथाइल फ्युमरेट (एमएसचं औषध) चालू आहे आणि ते बंद करायचं नाही. जानेवारीत व्हिटॅमिन डी १४ नॅनोग्रॅम निघालं, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, असे ८ आठवडे दिले. रविवारी जेवणानंतर दुधातून घेतलं, एकही चुकवलं नाही. परवाच्या रिपोर्टमध्ये आकडा थेट ६८! कॅल्शियम १०.२, क्रिएटिनिन नॉर्मल.

शंका अशी की केसांसाठी ती रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन) घेते, रक्त दिलं त्या सकाळीही घेतलं होतं. बायोटिनमुळे काही मशीनवर डीचा आकडा खोटाच चढा दिसतो. लॅबला फोन केला तर "रिपोर्ट बरोबर आहे" एवढंच उत्तर.

कोवळ्या उन्हात बसायचं सुचवू नका. अंग तापलं की तिला धूसर दिसतं, पाय जड होतात. मुतखडाही होऊन गेलाय, त्यामुळे कोइंब्रा प्रोटोकॉलचे (एमएससाठी व्हिटॅमिन डी देण्याची एक पद्धत) प्रचंड डोस आमच्यासाठी बाद. (मावशीने व्हॉट्सॲपवर तीनदा पाठवूनही.)

डॉक्टरांची अपॉइंटमेंट १२ दिवसांनी आहे, त्याआधी टेस्ट परत करायची आहे. तुमच्यापैकी कोणी बायोटिन थांबवून टेस्ट केली असेल तर किती दिवस थांबवायला सांगितलं होतं? पुण्यात एलसी-एमएस (मास स्पेक्ट्रोमेट्री, यात बायोटिनचा अडथळा येत नाही) पद्धतीने डी तपासून देणारी लॅब कोणती? आणि कोर्स संपल्यावर तुम्हाला महिन्याला एक सॅशे दिलं की रोज २,००० युनिटची गोळी?