थंडीत घर सांभाळताना: तुमच्याकडे काय घडलं ते सांगा

गोदाकाठची, नाशिक

गेल्या जानेवारीतली गोष्ट. लेक सहावीत. शाळेची रिक्षा पावणेसातला येते, सव्वासहा उलटले तरी बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतच होता. "अगं आटप की, किती पाणी घालवशील!" म्हणून ओरडले. उत्तर नाही. दार बडवलं, तरी नाही. आतून कडी होती. ह्यांनी खांद्याने धक्का देऊन ती उचकटली, तर पोर पाटावर बसल्या बसल्या भिंतीला कलंडलेली. बादली भरून वाहत होती आणि भिंतीवर गॅस गिझर चालूच होता.

चादरीत गुंडाळून तिला गॅलरीत आणलं. गार वारा लागल्यावर काही मिनिटांनी डोळे उघडले, मग उलटी झाली. मला वाटलं पित्त. दवाखान्यात बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा ९८ आकडा आला आणि माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, इथे त्या आकड्यावर विसंबू नका. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो, आणि त्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून रक्ताची तपासणी केली. नंतर कित्येक तास मास्कने ऑक्सिजन. लेक वाचली, आज ठणठणीत आहे.

खिडकी होती हो आमच्या न्हाणीघराला. आठवड्यापूर्वी तिच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा चिकटवला होता, तो मीच. ओल्या अंगाला वारा झोंबतो म्हणून. गिझर बसवणाऱ्यानेही तो आत बसवताना काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

थंडी आली की आपण सगळे आधी फटी बुजवतो. त्यातून काय घडू शकतं ते एकमेकांना कळावं, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी असं काही झालं असेल, निभावलं असेल, तर लिहा. लहानसहान असलं तरी चालेल.

द्राक्षबागवाला, निफाड

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पारा चार-पाच अंशांवर आला की झोप उडते ती आधी बागेपायी. पिकत आलेले, पाणी उतरलेले द्राक्षमणी तडकतात. मग रात्रभर बागेत शेकोट्या करून धूर धरायचा, पहाटे ठिबक सोडायचं.

दोन वर्षांपूर्वी शेतावरच्या खोलीत दोन गडी झोपायला होते. शेकोटीचे उरलेले निखारे त्यांनी घमेल्यात भरून आत घेतले, दार लावलं, खालच्या फटीत पोतं सरकवलं. पहाटे मी ठिबकसाठी हाका मारल्या तर कोणी उठेना. दार ढकलून आत गेलो. खोली छान उबदार, धुराचं नाव नाही, आणि दोघे हलवूनही जागे होईनात. फरफटत अंगणात आणले, १०८ ला फोन केला. वेळेवर उपचार मिळाले म्हणून दोघे वाचले. एकाचं डोकं पुढे दोन दिवस ठणकत होतं.

लाकूड जळत असलं की डोळे चुरचुरतात, माणूस आपणहून दार उघडतो. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. खरा घात तिथेच होतो. तेव्हापासून गड्यांना जाड कांबळी घेऊन दिली आहेत, आणि घमेल्यातल्या विस्तवावर पाणी ओतूनच आत जायचं असं ठरवलंय.

वऱ्हाडातली सून, अकोला

सासऱ्यांना वीस वर्षांची मधुमेहाची सोबत. रात्री पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवून झोपायचे. एका सकाळी मोजा काढताना टाचेवरचा फोड दिसला, लिंबाएवढा. त्यांना काही जाणवलंच नव्हतं. नसांची संवेदना गेलेली. जखम भरायला अडीच महिने लागले.

आता पिशवी अंथरूण गरम करण्यापुरतीच. उकळतं पाणी घालत नाही, दोन तृतीयांश भरते, हवा दाबून काढते, टॉवेलात गुंडाळते, आणि ते आडवे झाले की काढून घेते. झोपताना पायात सैल लोकरी मोजे. दर रात्री त्यांचे तळवे मी उजेडात बघते. आधी ते संकोचायचे, आता स्वतःच पाय पुढे करतात.

नर्सताई, सातारा

मला बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलायचं आहे, कारण यावर घरात कोणी बोलू देत नाही. पहिला हिवाळा, पहिलं नातवंड, खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, वर ओवा-वावडिंगाची धुरी. आजीची माया असते त्यात, हे मी नाकारत नाही. पण त्या खोलीत दोन जीव तासन्‌तास पडून असतात, आणि त्यातला एक तर डोकं दुखतंय हेही सांगू शकत नाही. वरच्या निफाडच्या भाऊंनी सांगितलेलाच विस्तव तो. मी आज्यांशी वाद घालत नाही. म्हणते, "आजी, बाळाला तुमच्या छातीशी घ्या, टोपडं-पायमोजे घाला, आईच्या कुशीत झोपू द्या. एवढी ऊब शेगडीला कुठून येणार!" बहुतेक जणी ऐकतात. शेक द्यायचाच असेल तर शेगडी बाहेर ओसरीवर ठेवून, कापड गरम करून आत आणावं. तेही आधी आपल्या मनगटाला लावून बघावं.

कापूर घातलेलं तेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. आणि कापराची वडी कधीच मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पोटात गेली तर झटके येतात.

वाफेचं पातेलं तर नकोच. भाजलेली पोरं मी हातात घेतली आहेत. डोक्यावरून टॉवेल, समोर उकळतं पाणी, पोर चुळबुळ करतं आणि पातेलं मांडीवर. सर्दीत नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते डॉक्टरांना विचारून घाला.

टोरांटोहून

इकडे सगळं घरच बंद डबा असतो. तीन वर्षांपूर्वी मोठं हिमवादळ झालं, त्या रात्री अडीचला जिन्यातला कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म कर्कश वाजायला लागला. बायको म्हणाली बॅटरी संपली असेल. सुदैवाने आम्ही दोघे वाद घालत बसलो नाही, मुलाला ब्लँकेटसकट उचललं आणि गाडीत जाऊन बसलो. अग्निशमन दलाचे लोक आले, त्यांनी घरभर हवा मोजली. घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारा पाइप बर्फात गाडला गेला होता. ऑन्टारियोत २०१४ पासून गॅस, लाकूड वगैरे जाळणारी साधनं असलेल्या घरांत हा अलार्म सक्तीचा आहे, म्हणून तो भिंतीवर होता. आता बर्फ पडला की वाटेच्या आधी मी तो पाइप मोकळा करतो. पुण्याला आई-बाबांकडेही असाच अलार्म नेऊन लावला आहे.

डोंबिवली

आमच्याकडे थंडी कसली, पण डिसेंबर-जानेवारीत धुळीने लेकाचा दमा उठतो. केर काढण्याऐवजी ओलं पुसणं, पहाटे खेळायला न सोडणं, आणि इन्हेलर दप्तरात. एवढ्यावर दोन हिवाळे बरे गेले.

निवृत्त वायरमन, जळगाव

पाणी तापवायचा रॉड वापरता ना? आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का हे चालू रॉड असताना बोट घालून बघायचं नाही. लोखंडी बादली नको. घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि वीज गळली की आपोआप बंद होणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच (आरसीसीबी) बसवून घ्या. एवढं मी चाळीस वर्षं घराघरांत सांगत आलो.

सोलापूरचे आजोबा

वय ७४, रक्तदाबाची गोळी चालू. पहाटे पाचला फिरायची जुनी सवय. मागच्या डिसेंबरात कोपऱ्यावरच डोळ्यांपुढे अंधारी आली, दूधवाल्याने घरी आणून सोडलं. दाब १८० वर होता. डॉक्टरांनी समजावलं की गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो, त्यात तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी जातं. आता ऊन अंगणात आल्यावरच निघतो, कानटोपी घालून. हिवाळाभर दाब वहीत लिहून ठेवतो, आणि गोळी कमीजास्त करायची ती डॉक्टरांनीच. बाजरीची भाकरी आणि तीळ चालू आहेत, पापड-लोणचं सोडलं. सुनेने पहिल्या दिवशी ताटात लोणचं वाढलं नाही तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

नवी मुंबईकर

गोदाकाठच्या ताई, एक विचारायचं होतं. आमचा गॅस गिझर न्हाणीघरात नाही, लागूनच्या गॅलरीत आहे. पण गॅलरीला सरकत्या काचा लावून घेतल्यात आणि थंडीत त्या बंदच असतात. हे चालेल ना?

गोदाकाठची, नाशिक

नाही हो, चालणार नाही. काचा लावल्या की ती गॅलरी राहिली नाही, खोली झाली, आणि न्हाणीघराचा झरोका तिच्यातच उघडत असणार. आम्हीही गिझर गॅलरीत हलवला, पण आधी एका बाजूची काच काढून तिथे कायमची जाळी ठोकून घेतली. सरकती ठेवली असती तर माझ्याच हाताने पुन्हा बंद झाली असती. ज्योत निळी आहे का तेही बघा. पिवळी दिसली तर वापरू नका, आधी माणूस बोलवा. आणि आज रात्रीच काच उघडा, उद्यावर टाकू नका.