काळी मिरी कुंडीत जगेल का? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

ए-२०४ वहिनी: कोणाकडे काळ्या मिरीचं झाड आहे का हो कुंडीत? आमच्याच्या पानांच्या कडा करपून कुरकुरीत झाल्यात, पाणी तर रोज घालते

बी-१०२ भाऊ: काय भो वहिनी, केरळ-कोकणातलं झाड ते, इथं मे मध्ये ४५ डिग्रीला माणसंच वाळून राहिलीत 😂

सी-३०१ सर: जगतं, पण लाड करावे लागतात. आधी सांगा वेल आहे का झुडूप?

ए-२०४ वहिनी: म्हणजे?

सी-३०१ सर: वर चढणाऱ्या फांदीचं कलम असलं तर वेल होतो, त्याला आधार लागतो आणि मिरी धरायला ३-४ वर्षं जातात. बाजूच्या आडव्या फांद्यांना तुरे येतात ना, त्यांचं कलम लावलं की ते चढतच नाही, कुंडीतच झुडपासारखं पसरतं, नर्सरीवाले त्याला बुश पेपर (झुडूप मिरी) म्हणतात, आपल्याला तेच पाहिजे, वर्षभरात तुरे दिसायला लागतात

ए-२०४ वहिनी: मग आमचं झुडूपच आहे, एक तुरा पण आलाय, उंदराच्या शेपटीएवढा

सी-३०१ सर: मग कशाला काळजी! दुपारचं ऊन अजिबात नको, सकाळचं चालतं, मे मध्ये सरळ घरात उजेडाच्या खिडकीशी कुलरच्या गार हवेत ठेवा, त्याला दमट हवा लागते आणि आपल्याकडे तीच नाही. माती कोणती?

ए-२०४ वहिनी: शेतातली काळीच

सी-३०१ सर: तिथंच घोळ आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, मग पाणी असूनही पान सुकतं आणि आपण अजून पाणी ओततो. लाल माती, शेणखत, कोकोपीट असं भुसभुशीत करा

बी-१०२ भाऊ: आरओचं वाया जाणारं पाणी टाकलं तर? बादल्याच्या बादल्या जातात

सी-३०१ सर: नको भाऊ, बोअरचे सगळे क्षार त्यातच उतरतात. एसीचं चालेल, पावसाचं सगळ्यात भारी

चेअरमन काका: कुंड्यांखाली प्लेट ठेवणे, गॅलरीतून पाणी गळून १०४ चे वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले

सी-३०१ सर: काका प्लेटमध्ये पाणी साचलं तर मिरी गेलीच समजा, प्लेटमध्ये दोन विटा ठेवून वर कुंडी ठेवायची

ए-१०४ ताई: चालेल, पण प्लेट रोज रिकामी करा हो वहिनी, आणि खाली नका ओतू 🙏

बी-१०२ भाऊ: मिरी काळी कधी होते पण? दाणे तर हिरवे दिसतात

सी-३०१ सर: तुऱ्यातला एखादा दाणा लाल झाला की अख्खा तुरा तोडायचा, दाणे मोकळे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचे न् उन्हात टाकायचे, वाळता वाळता काळे पडतात. त्या कामाला मात्र आपलं ऊन एक नंबर

ए-२०४ वहिनी: लाल माती कोणाकडे उरली असेल तर सांगा, एक घमेलं पुरे