गझल मतल्यावरच अडलीय

प्रश्न: आषाढात मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर झाला, पुढे दोन ओळींचा एकही शेर नाही. काफिये, म्हणजे यमकाचे शब्द 'मागायचे-वागायचे', त्यामागे तसाच परत येणारा रदीफ 'राहून गेले'. रोज रात्री वही उघडते, मतल्याचे तेच दोन मिसरे, त्याच दोन ओळी गुणगुणते. जीव तुटतो हो.

उत्तर १: मतल्यात हे दोन घेतलेत की दोन्हींत 'आगायचे' समान येतं, मग पुढे जागायचे, लागायचे असे मोजकेच काफिये उरतात. एका ओळीत 'बोलायचे' आणा, म्हणजे फक्त 'आयचे' समान राहील. ऐकायचे, सोसायचे सगळे खुले होतात.

उत्तर २: बदल करा, पण घाई नको ताई. प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, क्रमाने सुचायलाच हवा असं नाही. मुळात काय राहून गेलंय, ते आधी साध्या गद्यात लिहा.

प्रश्नकर्ती: लिहिलं. आईशी बोलायचं राहिलं होतं. 'बोलायचे' घेतेय. दादा, मात्रा तपासाल का?