शॉक ऑइल: उन्हाळ्यात ४०, थंडीत ३०? की सगळा खेळ पिस्टनचा?

मुरूमवाला, सातारा
मंडळी, थोडं भांडण काढायला आलोय. माझ्याकडे ट्रॅक्सस स्लॅश ही रिमोटवर चालणारी छोटी गाडी आहे, टू-व्हील ड्राइव्ह. शॉकमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या तेलभरल्या नळ्यांत, कंपनीचंच ३० वेटचं सिलिकॉन तेल (वेट म्हणजे तेलाच्या जाडपणाचा आकडा). डिसेंबरात सकाळी सातला मैदानावर गाडी झकास पळते. तीच गाडी एप्रिलात दुपारी चारला त्याच उंचवट्यावरून उडवली की खाली येताना पोट आपटते. टक्कन आवाज होतो, आणि गोळा माझ्या पोटात येतो.

३० वेट म्हणजे साधारण ३५० सेंटिस्टोक (हे जाडपणा मोजायचं एकक), पण ते २५ अंशांना. ४० अंशांना सिलिकॉन तेल चौथाईने पातळ होतं, म्हणजे २६५ च्या आसपास. १० अंशांना तेच ४८० च्या घरात जातं. आपण बाटली बदलली नाही तरी हवेने ती बदललेली असते! ४० वेट (५०० सेंटिस्टोक) भरलं तर भर उन्हात ते ३७५ वर येतं, म्हणजे जवळपास जे हवं तेच.

म्हणून माझा नियम: होळी झाली की ४०, दिवाळी झाली की ३०. परदेशी सेटअप शीट (गाडीत कुठलं तेल, कुठलं स्प्रिंग याचा तक्ता) डोळे झाकून उतरवणाऱ्यांनी ती कुठल्या हवेत लिहिलीय ते आधी बघावं.

काटेकोर
हिशेब बरोबर, निदान चूक.

गाडी उचलून धरतं ते स्प्रिंग. तेल फक्त चाक किती वेगाने वर-खाली होणार एवढंच ठरवतं. पोट आपटत असेल तर आधी गाडीची उंची बघा, स्प्रिंग बसलंय का ते बघा. तेही ठीक असेल तर शॉकमधल्या पिस्टनची भोकं बघा, तेल त्यांतूनच ये-जा करतं. बारीक भोकं नि पातळ तेल, किंवा मोठी भोकं नि जाड तेल, हाताने दाबून बघितलंत तर दोन्ही शॉक सारखेच लागतील. पण उडीनंतर पिस्टन एकदम जोरात आत जातो, तेव्हा बारीक भोकांतून तेलाला निघायला वेळच मिळत नाही आणि शॉक अचानक ताठ होतो. पॅक होणं म्हणतात ते हेच. तुम्हाला उडीसाठी हे हवंय, आणि तुम्ही चाललायत तेल जाड करायला.

जाड तेलाचा तोटा मुरुमावरच दिसतो. बारीक खड्यांच्या पट्ट्यात चाक खाली यायच्या आत पुढचा खडा येतो, चाक वरच राहतं आणि गाडी पाय आखडून पळाल्यासारखी पळते. ४० भरून वळणावर पकड सुटली नाही का तुमची? खरं सांगा.

मुरूमवाला, सातारा
सुटली थोडी. पण साहेब, तेल बदलायला वीस मिनिटं लागतात. पिस्टन बदलायचा तर दांडा बाहेर काढा, पिस्टन धरणारी ती नखाएवढी क्लिप काढा. मागच्या वेळी क्लिप उडाली ती सोफ्याखाली गेली, अजून मिळालेली नाही. दर ऋतूला एवढं कोण करणार?

बॅशर_नाशिक
तुम्ही दोघं एवढ्याशा बाटलीला एवढे पैसे का घालवता तेच कळत नाही. दादा, गॅरेजमधून २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल आणा. डब्यावर ५० लिहिलेलंच असतं, म्हणजे तुमच्या ४० पेक्षा जाडच. मी जानेवारीत भरलं, गाडी एक नंबर चालली.

काटेकोर
आणि मार्चात?

बॅशर_नाशिक
मार्चात जरा होडीसारखी डोलायला लागली. मला वाटलं स्प्रिंग गेलं.

काटेकोर
स्प्रिंग नाही गेलं भाऊ, तेल गेलं. ते ५० नि हे ५० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इंजिन ऑइलचा ५० हा १०० अंशांना मोजतात: १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या मध्ये बसलं की ५०. डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नव्हे. तुमचं तेल २५ अंशांना साधारण ४०० असतं, म्हणून जानेवारीत फसलात, कारण तेव्हा ते खरंच ३०-३५ वेटसारखं लागतं. पण ४० अंशांना तेच १६५ वर येतं, निम्म्याच्याही खाली. सिलिकॉन तेवढ्यात फक्त चौथाई उतरतं. पैसे त्याचेच घेतात. शिवाय स्लॅशच्या पुस्तिकेत शंभर टक्के सिलिकॉनच वापरा असं स्पष्ट लिहिलंय.

मुरूमवाला, सातारा
बघा! म्हणजे उन्हाने तेल पातळ होतं आणि त्याचा फरक पडतो, हे काटेकोर साहेबांनी स्वतःच्या तोंडाने मान्य केलं. मग सिलिकॉनचा चौथाई फरक सोडून का द्यायचा?

बे_एरियातला_पाटील
मध्ये तोंड घालतो. इकडे अमेरिकेत क्ले ट्रॅकला पाणी मारून माती चोपून ठेवतात, बरेच ट्रॅक छपराखाली असतात. सेटअप शीट बहुतेक अशाच ठिकाणच्या. त्यावरचं तेल साताऱ्याच्या मुरुमावर कसं चालेल? एवढ्यापुरता मुरूमवाल्यांशी सहमत. आणि शक्यतो सेंटिस्टोकच बघा. एकाचं ३० वेट ३५०, दुसऱ्याचं ३३८. तिथे फरक नगण्य, पण क्योशोसारख्या जपानी बाटलीवर सरळ ३००, ४०० असे सेंटिस्टोकचे आकडे असतात, तिथे नवखा माणूस हमखास गोंधळतो.

जांभाखडक, कणकवली
तुमचा होळी-दिवाळीचा नियम आमच्याकडे चालत नाही. कोकणात डिसेंबर नि मे यांत घाटावरच्याएवढा फरकच नसतो. मी जांभ्याच्या कातळावर क्रॉलर (खडकांवर चढणारी रिमोटची गाडी) चालवते, बारा महिने ३० वेट. गाडी चालते मुंगीच्या पावलाने, पिस्टनला पळायचंच नसतं, त्यामुळे तुमचं ते पॅक होणंही माझ्या कामाचं नाही.

मला विचाराल तर निम्मी मंडळी तेलाच्या आकड्यावर भांडतात आणि शॉक भरताना घाई करतात. तेल काठोकाठ ओतायचं, पिस्टन तेलाच्या आत ठेवूनच सावकाश वर-खाली करायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग साबुदाण्याएवढे, मग मोहरीएवढे. शॉक उभा करून ठेवायचा, चहा करून प्यायचा, मग परत बघायचं. टोपण लावताना दांडा थोडा आत ठेवायचा नि बाहेर आलेलं तेल जुन्या बनियनने पुसायचं. दांडा हलवल्यावर आतून पचक-पचक आवाज आला तर हवा राहिली, परत उघडा. चार शॉकांपैकी एकात हवा असेल तर ४० भरा नाहीतर ४००, गाडी एका कुशीवरच लंगडणार.

बॅशर_नाशिक
ताई, माझ्याकडे ३५० ची अर्धी बाटली आहे, मित्राकडे १००० ची. समसमान मिसळलं तर ६७५ होईल ना?

जांभाखडक, कणकवली
नाही होत. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढ, ५९० च्या आसपास येईल. जाड तेल पातळापुढे नेहमी जरा हार खातं. आणि ५९० तुला कशाला हवंय? आधी ते इंजिन ऑइल काढून शॉक स्वच्छ धू.

मुरूमवाला, सातारा
काल प्रयोग केला. ३० वेटचे दोन शॉक, दोन्हींची स्प्रिंगं काढली. एक तासभर फ्रिजमध्ये, एक गच्चीवर उन्हात. मग दोन्हींच्या दांड्याला तोच बोल्ट बांधून उलटे टांगले नि दांडा पूर्ण बाहेर यायला लागणारा वेळ मोजला. फ्रिजवाल्याला साडेचार सेकंद, गच्चीवाल्याला दोन. तेल तेच, भोकं तीच. आईने फ्रिजमधला शॉक बघून विचारलं, हे कुठलं लोणचं?

आता बोला काटेकोर साहेब.

काटेकोर
मान्य, फरक आहे. पण हा प्रयोग दांडा संथपणे ओढण्याचा झाला. उडीत पिस्टन त्याच्या कितीतरी पट वेगाने जातो आणि तुमची तक्रार तर उडीचीच होती. आता गच्चीवालाच शॉक घ्या, ३० वेटच ठेवा, एक पायरी बारीक भोकांचा पिस्टन घाला आणि दुपारी चारला त्याच उंचवट्यावरून उडवा. पोट आपटलं तर मी माझ्या खर्चाने तुम्हाला ४० ची बाटली पाठवतो.

मुरूमवाला, सातारा
मंजूर. सोफा सरकवतो आणि क्लिप शोधतो.